पंचनाम्यात नसलेली आठ पिल्लं

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर पुढचं लिहिणं व्हायचं नाही. मांडुळाला तोंड एकच असतं. दुसऱ्या टोकाला असते ती शेपटी. आखूड, बोथट, शत्रूला डोकं वाटावी अशी. तो सहा महिने इकडून चालतो आणि सहा महिने तिकडून, ही शुद्ध थाप आहे. हे मी नोकरीत असताना किती जणांना सांगितलं असेल त्याला गणती नाही. पोलिसांना सांगितलं, वकिलांना सांगितलं, घरी सासूबाईंना सांगितलं. सगळे मान डोलवायचे आणि जाता जाता विचारायचे, "पन बाई, यातलं दुसरं तोंड कोनतं?"

मी वर्ध्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र विभागात प्रयोगशाळा परिचर होते. नव्वद सालच्या आसपास नोकरी लागली. माहेर केळझरचं, वडील शाळेत कारकून. त्यांना वाटलं होतं मुलगी कॉलेजात चिकटली म्हणजे खुर्चीवर बसेल. मी बसले ती उंदरांच्या पिंजऱ्यांपुढे. प्रात्यक्षिकांसाठी आमच्याकडे पांढरे उंदीर असायचे, आणि ते वाढवणं हे माझं काम. मादीला किती दिवसांनी पिल्लं होतात, कुठली आई पिल्लं खाते, भुसा कधी बदलायचा, हे सगळं मी कुणी न शिकवता शिकले. विद्यार्थी मला पाठीमागे उंदीरबाई म्हणत. म्हणोत बापडे. त्यांच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत जे काही खरं होतं ते माझ्या पिंजऱ्यांतून आलेलं होतं.

दोन हजार सालानंतर आमच्या भागात मांडुळाचं खूळ आलं. कुणीतरी उठवलं की मांडूळ घरात असला की धन येतं, आणि जितका वजनदार तितका त्याचा भाव. शेतात ढेकळांखाली गुपचूप पडून राहणारा, उंदीर खाणारा, कुणाला न चावणारा गरीब साप. त्याला लोक पोत्यात भरून मोटारीतून फिरवायला लागले. कायद्याने त्याला पकडणं गुन्हा, पाळणं गुन्हा, विकणं गुन्हा. पण हावरटपणाला कायदा कुठे आडवा येतो!

ज्येष्ठातली गोष्ट. जामच्या चौफुलीवर एका ढाब्यापाशी वनखात्याने एक गाडी अडवली. डिकीत डब्यात एक मांडूळ सापडला. गाडीत होते समुद्रपूरचे एक दुकानदार, मोहनसेठ. ठेवायला खात्याकडे जागा नव्हती, म्हणून वनपाल वानखडे तो डबा घेऊन आमच्या विभागात आले. विभागप्रमुख काळे सरांना फार आनंद झाला. त्यांनी डबा उघडून पाहिला, "वा वा" म्हणाले, सुपूर्तनाम्यावर सही केली आणि तासाला निघून गेले. सुपूर्तनामा म्हणजे काय, तर जप्त केलेली वस्तू आहे तशी सांभाळीन आणि कोर्ट मागेल तेव्हा हजर करीन, असं लिहून देणं. सही सरांची. सांभाळणार मी.

"बाई, येक नग मांडूळ हाय. जिवंत," वानखडे म्हणाले. "पंचनाम्यात वजन दीड किलो लिवलं हाय. सांभाळजा."

मी डब्यात हात घातला आणि माझं पित्त खवळलं. त्या जिवाच्या शेपटीला हळदकुंकू फासलेलं होतं. त्याखाली दोन बाजूंना दोन गोल काळे डाग. पुसायला गेले तर पुसले जाईनात. उदबत्तीचे चटके होते ते. शेपटीला डोळे नाहीत, म्हणून कुणीतरी डागून डोळे उमटवले होते!

पुढे कोर्टाच्या पहिल्या तारखेला भेट झाली तेव्हा मी मोहनसेठला याचा जाब विचारला. पन्नाशीचा माणूस, कपाळाला गंध, हातात पिशवी, बोलणं मऊ. त्यांना जराही लाज वाटली नाही.

"ते मी नाई केलं बाई. ज्यानं आनून देल्लं त्यानंच केलं असंन. मी तं लक्ष्मी म्हनून तिची पूजा करत होतो. दूध पाजत होतो."

"साप दूध पीत नाही. आणि पाजलं कुठून?"

"असं कसं? संक्रांतीले घरी आनली. संक्रांतीपासून तिचं मांगचं तोंड चालू होते. मंग त्याच तोंडाले पाजलं ना!"

म्हणजे पाच महिने या माणसाने रोज सकाळी अंघोळ करून त्या मुक्या जिवाच्या शेपटीला दूध पाजलं होतं. त्यांच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही, तेव्हा उंदराचं नावच नको. ती जगली ती केवळ साप उपाशी राहू शकतो म्हणून. आणि वर मलाच म्हणतात, "तुम्ही तिले पुढूनच खाऊ घालून राह्यल्या का? आखाडात बदलजा बरं, नाईतं वजन उतरंन." अशा माणसावर ओरडायचं तरी कसं? तो वाईट नव्हता, हेच जास्त वाईट होतं.

ती मादी होती आणि पोटुशी होती, हे मला आठवड्याभरात कळलं. मागचा अर्धा भाग भरलेला, उंदराकडे ढुंकून बघत नव्हती, दिवसभर पेटीच्या उन्हाच्या बाजूला पडून राहायची. मांडूळ अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतो. श्रावणात एका सकाळी मी कुलूप काढलं तर पेटीत रेतीवर आठ पिल्लं. करंगळीहून बारीक, नारिंगी, शेपटीवर काळे पट्टे. इतकी देखणी की मी तिथेच खाली बसले.

मग फोन केला वानखड्यांना. मला वाटलं माणूस खूश होईल.

"आठ?" ते म्हणाले. "बाई, आता हे कुठी लिवू मी? जप्ती तं येकाची हाय."

"लिहा ना, मादीला आठ पिल्लं झाली म्हणून. आणि सोडून द्या आजच. यांना आईची गरज नसते. पिल्लू जन्मलं की स्वतःचं स्वतः खातं."

"असं सोडता येते का बाप्पा! मुद्देमाल हाय. आईच मुद्देमाल हाय तं पोरं काऊन नाई? कोर्टाले अर्ज टाकतो. तवपर्यंत सांभाळजा."

मी सरांकडे गेले. सर म्हणाले, "रेखाताई, कायद्याचं काम आहे, थांबा थोडं." मी थांबले. आयुष्यातली एवढी मोठी चूक मी इतक्या आज्ञाधारकपणे कधी केली नव्हती.

आता मांडुळाचं पिल्लू वाढवायचं म्हणजे काय, ते सांगते. मोठा मांडूळ दिसेल तो उंदीर पकडून, विळखा घालून, सावकाश गिळतो. पिल्लाचं तसं नसतं. त्याला हवं असतं केस न आलेलं, डोळे न उघडलेलं उंदराचं गुलाबी पिल्लू, आणि तेही स्वतःच्या अंगापेक्षा जाड नको. ते माझ्याकडे होतं. पण समोर ठेवलं तर तोंड फिरवायची. मी आठ डबे केले, प्रत्येकाला वेगळा, कारण एकत्र ठेवले तर एकाच घासाला दोघं धरतात. त्यांत पवनारहून धाम नदीच्या पात्रातली कोरडी रेती आणून भरली. रेतीत मातीची पणती पुरली, पणतीत उंदरांच्या घरट्यातला भुसा घातला आणि त्या भुशात घास ठेवला. डब्यावर फडकं टाकून मी खोलीबाहेर जाऊन बसले. मांडूळ रेतीखालून येतो. त्याला शिकार दिसायला नको, वास यायला हवा. संध्याकाळी पाहिलं तर सहा पणत्या रिकाम्या.

दोघांनी खाल्लंच नाही. महिना गेला, दीड महिना गेला. तोंडात घास कोंबता येतो, पण त्या वयाच्या पिल्लाचा जबडा म्हणजे कागद. मी एकदा प्रयत्न केला आणि रक्त आलं, मग पुन्हा धजावले नाही. दोन्ही पिल्लं दिवाळीच्या आत मेली. शेतात सुटली असती तर कदाचित पालीचं पिल्लू धरलं असतं, काही केलं असतं. आठवत राहतं ते.

बाकी सहांचं बरं चाललं. आठवड्याला एक घास, पोटाचा फुगवटा उतरल्याशिवाय दुसरा नाही. थंडीत भूक मंदावते, तेव्हा बळजबरी नाही. आणि खाल्ल्यावर दोन दिवस त्याला हात लावायचा नाही. हा नियम मी दारावर मोठ्या अक्षरांत लिहून लावला होता. घास देण्याआधी मी चिमट्याने डब्यावर तीनदा टकटक करायची, म्हणजे झाकण उघडताना ती दचकायची नाहीत. थोड्या दिवसांत त्यांना ते कळलं. टकटक झाली की रेतीतून नाकाचं टोक वर यायचं. मला त्याचं भारी कौतुक वाटायचं. पुढे त्याच कौतुकाची मला लाज वाटणार होती.

दिवाळीनंतर समुद्रपूरला कोर्टात साप हजर करायचा हुकूम आला. खात्याची जीप नादुरुस्त. मी त्या मादीला कापडी पिशवीत घातलं, पिशवी डब्यात ठेवली आणि एस.टी.ने निघाले. कंडक्टरने विचारलं, "डब्यात काय हाय बाई?" मी म्हटलं, "कोर्टाचं सामान." त्याने दोन तिकिटं फाडली नाहीत हे नशीब.

कोर्टाच्या व्हरांड्यात वानखडे भेटले. मी पहिला प्रश्न केला, "अर्जाचं काय झालं?"

"टाकला हाय, टाकला हाय. पन आज आत पोरायचं नाव काढू नका."

"का?"

"अवो, त्यायचा वकील टपूनच बसला हाय. पोरं झाली म्हनसान तं तो म्हनंन, हा सापच बदलला, जप्तीवाला येगळा होता. केस जाईन पुरी. इचारलं तेवढंच सांगजा."

आत बाजूच्या दुकानातून तराजू आणला आणि साप तोलला. पंचनाम्यात दीड किलो. तराजूत सव्वा. मोहनसेठच्या वकिलाने भुवया वर केल्या. "बाई, पाव किलो साप गेला कुठे?"

माझ्या जिभेवर उत्तर होतं. ती बाळंत झाली साहेब, म्हणून गेला. एवढंच म्हणायचं होतं. मी वानखड्यांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती. बाकावर मोहनसेठ हात जोडून सापाकडे बघत बसले होते. मला वाटलं, हा माणूस सुटू नये. ही डागणी करणारे, दूध पाजणारे, पोत्यात भरणारे, यांतला एक तरी अडकावा.

"जागा बदलली की उतरतं वजन," मी म्हणाले.

बाकावरून मोहनसेठ हळूच म्हणाले, "पाहा, मी म्हनलोच होतो, तोंड बदला म्हनून!" सगळं कोर्ट हसलं. मीही हसले. त्या हसण्यात माझी आठ पिल्लं कागदावर यायची राहिली ती कायमची.

पुढच्या उन्हाळ्यात वरून एक साहेब तपासणीला आले. कुठल्या खात्याचे, कुठल्या हुद्द्याचे, ते लिहीत नाही. सोबत कॅमेरावाला. मी हात जोडून सांगितलं, "साहेब, डबा क्रमांक पाचने आज सकाळीच खाल्लंय, त्याला उचलू नका, बाकीचं कुठलंही घ्या." साहेबांना नेमकं पाचच आवडलं, कारण ते सगळ्यांत लाल. गळ्यात घातलं, फोटो काढला, शेपटी धरून विचारलं, "हे दुसरं तोंड का?" मी दाराकडे बोट केलं, जिथे माझा नियम लावलेला होता. साहेब म्हणाले, "छान अक्षर आहे तुमचं." रात्रीतून त्या पिल्लाने घास उलटवला, मग खाणं सोडलं आणि महिन्याभरात गेलं. मी सरांना म्हटलं, लेखी तक्रार करा. सर म्हणाले, "कोणाच्या मृत्यूची तक्रार करणार, रेखाताई? ते पिल्लू आहे कुठे कागदावर?" तेव्हा तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पडला नाही. मी नुसती रडले आणि डबा धुऊन ठेवला.

राहिली पाच. तिसऱ्या वर्षापर्यंत ती हातभर झाली. नारिंगी रंग विटकरी झाला. आता नर कोण, मादी कोण ते ओळखू येऊ लागलं. नराची शेपटी जरा लांब, मुळाशी दोन्ही बाजूंना नखासारखी बारीक टोकं. तीन माद्या, दोन नर. हे सरांना सांगितलं आणि चूक केली.

"रेखाताई, आपण इथेच प्रजनन करू!" सर उभेच राहिले. "विदर्भात कुणी केलेलं नाही. पेपर होईल."

"सर, माद्या तयार नाहीत."

"अंगाने तर भरलेल्या दिसतात."

अंगाने भरलेल्या! ही भाषा मी लहानपणापासून ऐकत आलेली आहे. माझ्या वर्गातल्या दोन मुलींची शाळा याच एका वाक्याने सुटली. जास्त खाऊ घातलं की कुठलाही जीव लवकर भरतो. पण आत हाडं, आतडी, गर्भाची जागा आपल्या वेळेनेच होते. अशा मादीला नर दिला तर पहिल्याच वेळेला ती पिल्लांसकट मरते. मी तीन वर्षं त्यांना मोजून खाऊ घातलं ते याचसाठी, की त्या भराभर वाढू नयेत, नीट वाढाव्यात.

"आणि सर," मी म्हटलं, "ती बहीणभावंडं आहेत."

सर खाली बसले. नरांचे डबे मी त्याच दिवशी दुसऱ्या खोलीत नेले आणि कुलपाची किल्ली पदराला बांधली.

एवढ्या काळात मी वानखड्यांना दर दोन-तीन महिन्यांनी विचारत होते. उत्तर ठरलेलं. "अर्ज टाकला हाय बाई, कोर्टाचं काम हाय, येळ लागते." मग त्यांची बदली झाली. मीही विचारायचं सोडलं. खरं सांगायचं तर टकटक केली की पाच नाकं वर यायची, त्याची मला सवय झाली होती.

पाचव्या पावसाळ्यात निकाल लागला. मोहनसेठ सुटले. दोन्ही पंच उलटले होते. मी कोर्टात तोंड मिटलं ते ज्या केससाठी, ती केसच उडाली. हुकुमात शेवटी एक ओळ होती: जप्त केलेला एक नग साप नैसर्गिक अधिवासात सोडून द्यावा.

नवे वनपाल हुकूम घेऊन आले. तरुण, घाईत. मी त्यांना सहा डबे दाखवले.

"हे बाकीचे कोनते?"

"हिची पिल्लं. अर्ज टाकलाय ना त्यांचा, चार वर्षांपूर्वी."

त्यांनी फाइल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळली. मीही शेजारी उभी राहून चाळली. अर्ज नव्हता. कधीच नव्हता. आठचा उल्लेख नव्हता, पाचचाही नव्हता.

"बाई," ते म्हणाले, "जे कागदावर नाईत ते मले दिसतच नाईत. तुमी यायले कवाच सोडून देऊ शकत होत्या. कोनी इचारलं नसतं."

चार वर्षं कुलूप लावून मी ज्यांना मुद्देमाल म्हणून जपलं, ती पिल्लं पहिल्या सकाळपासून मोकळी होती. एका टोपलीत घालून केळझरच्या कुठल्याही बांधावर ओतली असती तर झालं असतं. वानखड्यांचा राग आला, सरांचा आला, त्या फोटोवाल्या साहेबाचा आला. पण किल्ली तर माझ्याच पदराला होती ना? कोर्टात तोंड मिटणारीही मीच.

समुद्रपूरच्या बाहेर, जिथे ती मादी मुळात सापडली होती असं म्हणत, त्या नाल्याच्या काठी आम्ही गेलो. सोडण्याचा पंचनामा करायला दोन पंच हवे होते. वनपालांनी रस्त्यावरून जाणाऱ्या दोघांना हाक मारली, त्यांतले एक निघाले मोहनसेठ! चार वर्षं जो आरोपी होता त्यानेच पंच म्हणून सही केली. सही करून हात जोडून उभे राहिले. मादी पिशवीतून बाहेर आली, भुसभुशीत मातीत नाक घातलं आणि बघता बघता दिसेनाशी झाली. डागलेले डोळे सगळ्यात शेवटी आत गेले.

"बाई," मोहनसेठ डोळे पुसत म्हणाले, "आता कोनत्या तोंडानं गेली?"

वनपाल आणि पंच जीपकडे गेले. मग मी माझ्या पिशवीतून पाच जणांना एकेक करून खाली ठेवलं. दोन्ही नर लगेच मातीत शिरले. एक मादी गवतात गेली, दुसरी तिच्यामागून. तिसरी मात्र तिथेच. ही सगळ्यांत धीट, चिमट्याच्या आवाजाला सगळ्यांत आधी नाक वर करणारी. मी मागे सरले, ती बसून. मी पाय आपटला, तिला हाकलायला म्हणून. तिने नाक वर केलं आणि माझ्या पायांच्या दिशेने यायला लागली. जमीन हादरली म्हणजे घास आला, हे तिला मीच शिकवलं होतं.

"जा ना गं," मी म्हटलं. हात लावला तर ती हातावर चढली असती, म्हणून हात लावला नाही. पिशवीतला चिमटा काढून नाल्यात फेकला आणि मी चालू लागले, पावलं न वाजवता, चवड्यांवर, रस्ता लागेपर्यंत. मागे वळून पाहिलं नाही. ती येत असली तर मला ते पाहायचं नव्हतं.